‘वाटीने केक होत नसतो’: स्पष्टवक्तींना उत्तर

रव्याच्या केकच्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ती’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मी काटछाट केली असं कुणी म्हणायला नको, म्हणून ती आधी जशीच्या तशी देते:

“पाहुणे येणार म्हणून तुमचा ‘सोपा रवा केक’ केला. पंधराव्या मिनिटाला बघितला तेव्हा छान फुगला होता. काढला तेव्हा मधोमध खड्डा, तळाला करप आणि चव साबणासारखी. वाटीने केक होत नसतो, हे आधी शिकून घ्या आणि मग लोकांना शिकवा. भांड्याचा आकार दिलेला नाही. साखर फार आहे. कुकर कोरडा तापवायला सांगणं धोक्याचं आहे. आणि सुरळीची वडी ‘सोप्या पदार्थां’त कशी बसते तेही सांगा. फोटो मात्र छान आहेत.”

ताई, त्या शेवटच्या वाक्यातला ‘मात्र’ नीट पोचला, आभार. केक बिघडला याचं मलाही वाईट वाटतं, पाहुणे दारात असताना तर जास्तच. पण ‘आधी शिकून घ्या’ ही भाषा कशासाठी? ‘माझा बसला, काय चुकलं असेल?’ एवढं विचारलं असतंत तर चार ओळींत उत्तर मिळालं असतं. स्पष्ट बोलणं आणि फटकारणं यांत फरक असतो. नाव स्पष्टवक्ती घेतलं म्हणून तो पुसला जात नाही.

भांड्याचा आकार द्यायचा राहिला, हे मान्य. त्या प्रमाणाला ६ इंच व्यासाचा, ३ इंच उंचीचा गोल डबा लागतो. मिश्रण त्यात अर्ध्याच्या थोडं खाली येतं आणि फुगायला जागा राहते. ८ इंची डब्यात घातलं तर जेमतेम पाऊण इंचाचा थर होतो आणि केक वाळून भाकरी होते. लेखात ही ओळ आजच घातली आहे. चूक होती, दुरुस्त केली, विषय संपला.

आता ते वाक्य. ‘वाटीने केक होत नसतो.’

का होत नसतो? शंकरपाळ्यांना आपण काय सांगतो? वाटी दूध, वाटी साखर, वाटी तूप आणि ‘मावेल तेवढा’ मैदा. त्या ‘मावेल तेवढा’वर पिढ्यान् पिढ्यांची दिवाळी झाली, कुणी तराजू मागितला नाही. साहेबांच्या पाऊंड केकचं नावच मुळी प्रमाणावरून पडलंय: मैदा, लोणी, साखर, अंडी, सगळं एकेक पाऊंड. म्हणजे महत्त्व एकास किती याला. एकदा घेतलेली वाटी शेवटपर्यंत तीच ठेवली की झालं. बावीस वर्षं मी हा केक वाटीनेच करते आहे, कुकरमध्ये, कढईत आणि ओटीजीतही (म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये). बावीस वर्षं खड्डे पाडत बसले असते तर लेख लिहायची हिंमत केली नसती.

तरी तुम्हाला वजनच हवं असेल तर घ्या. माझी वाटी म्हणजे आमटीची नेहमीची, १५० मिलीची. २ वाट्या बारीक रवा म्हणजे २१० ग्रॅमच्या आसपास. १ वाटी साखर, साधारण १३० ग्रॅम. १ वाटी दही. अर्धी वाटी तूप किंवा तेल. दूध पाऊण वाटी, लागलं तर पाव वाटी आणखी. १ चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा. चमचा ५ मिलीचा आणि सपाट. इथे ‘सपाट’ शब्दाकडे लक्ष द्या. आपल्याकडे चमचा शीग लावून भरायची सवय असते आणि शिगेचा चमचा सहज दीडपट भरतो, कधी दुप्पटही. मिठात खपून जातं, सोड्यात नाही.

आणखी एक. वाटीचं माप खरं दगा देतं ते मैद्यात. मैदा दाबला की दबतो. पिशवीत वाटी खुपसून भरली आणि चमच्याने हलक्या हाताने भरली, तर एकाच वाटीत पाचव्या हिश्श्याचाही फरक पडू शकतो. रवा वाळूसारखा सरकतो, दबत नाही. कसाही भरा, वरून सुरी फिरवून सपाट केला की वजन जवळजवळ तेवढंच. म्हणून तर नवख्या माणसाला मी मैद्याचा केक न सांगता रव्याचा सांगते. ‘सोपा’ हा शब्द जागा भरायला वापरलेला नव्हता.

मग खड्डा का पडला? त्याचं उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे, तुम्हीच लिहिलं आहेत: ‘पंधराव्या मिनिटाला बघितला तेव्हा छान फुगला होता.’ बघितला कसा? झाकण उघडून! लेखात ठळक अक्षरात आहे, पहिली तीस मिनिटं झाकण काढू नका. ही माझी लहर नव्हे. दह्यातलं आंबट आणि सोडा भेटले की वायू सुटतो, उष्णतेने बुडबुडे मोठे होतात आणि मिश्रण वर चढतं. पण चढलं म्हणजे शिजलं नव्हे. रवा पाणी पिऊन फुगून घट्ट होईपर्यंत ते बुडबुडे नुसत्या ओल्या पिठात तरंगत असतात. अंड्याच्या केकमध्ये अंडं आळतं आणि आधार देतं. गोव्याच्या बाथ नावाच्या केकमध्येही रवाच असतो, पण जोडीला अंडी असतात. आपल्या बिनअंड्याच्या केकला भिंत अशी नाहीच, जे काही सावरतो ते रवा आणि तोही उशिरा. पंधराव्या मिनिटाला कडा धरलेल्या असतात आणि मधला भाग सरबरीत असतो. त्या वेळी गरम वाफ बाहेर गेली आणि गार हवा आत आली की मधले बुडबुडे आक्रसतात आणि मधला भाग खाली बसतो. ओटीजी निदान स्वतःहून पुन्हा तापतो. कुकरखालच्या शेगडीला हे कोण सांगणार?

झाला का केक हे झाकणावरून बसल्या जागी कळतं. पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास तूप-रवा भाजल्याचा खमंग वास शिट्टीच्या भोकातून यायला लागतो. तो आला की उघडा, सुरीचं टोक बरोबर मध्ये खुपसा. कडेला खुपसलेली सुरी नेहमी कोरडी येते आणि नेहमी फसवते. ओलं पीठ लागलं तर झाकण लावा, आणखी सात-आठ मिनिटं.

तळाला करपला ते आचेमुळे. कुकरमध्ये २ वाट्या जाड मीठ पसरून त्यावर जाळी ठेवायची आणि जाळीवर डबा. मीठ कशाला, तर आच थेट डब्याच्या बुडाला न लागता सगळीकडे सारखी पसरावी म्हणून. जाळीशिवाय डबा मिठातच रोवला की बूड करपणारच. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून घ्यायचं आणि डबा आत गेला की लहान बर्नरवर, मंद. मोठ्या बर्नरची ‘मंद’ आचसुद्धा पुष्कळ असते.

साबणासारखी चव म्हणजे सोडा जास्त झाला. ज्या सोड्याला दह्यातलं आंबट पुरत नाही तो केकमध्ये तसाच राहतो आणि जिभेला कळतो, केकचा रंगही तपकिरी होतो. ढोकळ्यावर हळदीचे लाल ठिपके पडतात ते याच सोड्याने, तो नीट विरघळला नाही की. अगदी गोड, ताजं दही घेतलं तरी हे होतं. चमचा शिगेचा भरला तर होतंच.

आणि हो, वाटी फार लहान असली तरी साबणाची चव येईल. माझ्या १५० मिलीच्या वाटीला पाव चमचा सोडा बरोबर बसतो. तुम्ही वरण-तुपाची १०० मिलीची छोटी वाटी घेतली असेल तर रवा-दही दोन तृतीयांश झालं आणि सोडा, बेकिंग पावडर तेवढीच राहिली, म्हणजे हिशेबाने दीडपट. असं मिश्रण भराभर चढतं आणि आधार तयार व्हायच्या आत बुडबुडे फुटून बसतं. उलट २४० मिलीचा मापाचा कप घेतला असेल तर सोडा आणि बेकिंग पावडर कमी पडतात, केक दडस होतो आणि ६ इंची डबा जवळजवळ पाऊण भरतो. चमचा काही वाटीबरोबर लहान-मोठा होत नाही. हे लेखात लिहायला हवं होतं का? एखादी ओळ लिहिता आली असती. पण रोज ओट्याशी उभं राहणाऱ्या माणसाला इतपत अंदाज असतो, असं मी धरून चालले. तेवढ्यावरून ‘वाटीने केक होत नसतो’ असं ठरत नाही. ‘वाटी बदलली तर चमचा बदला’ एवढंच ठरतं. ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि त्यांतलं एकच उद्धट आहे.

आणखी एक शक्यता, जी तुम्ही नाकारणार हे मला ठाऊक आहे. रवा, दही, साखर, तूप एकत्र करून पंचवीस-तीस मिनिटं झाकून ठेवायला सांगितलं होतं. बाथचं मिश्रण तर तासन् तास, कित्येक घरांत रात्रभर मुरवतात. मुरलेलं मिश्रण आळतं, मग त्यात दूध घालून इडलीच्या पिठाइतकं सैल करायचं आणि अगदी शेवटी, डब्याला तूप लावून झालं, कुकर तापला, की सोडा आणि बेकिंग पावडर. घातल्यावर वीस-पंचवीस वेळा एकाच दिशेने हलक्या हाताने ढवळायचं आणि लगेच आत. सोडा घालून मग डबा शोधायला गेलात तर वायू पातेल्यातच निघून जातो. न मुरवता आधीच दूध घालून पीठ सैल केलंत तर रवा तळाला बसतो, वर पातळ राहतं. यांतलं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. अंगण वाकडं म्हणायचं तर निदान ते कुठे वाकडं आहे ते तरी सांगायचं होतं.

बाकीचं थोडक्यात. साखर फार वाटत असेल तर पाऊण वाटी घ्या, पण त्याखाली नको. साखर ओलावा धरून ठेवते, ती कमी केली की दुसऱ्या दिवशी केकचा भुगा होतो. कुकर कोरडा तापवण्याबद्दल: शिट्टी आणि रिंग दोन्ही काढायला सांगितलंच आहे, म्हणजे आत दाब होत नाही. तरी ॲल्युमिनियमच्या नव्या कुकरचं बूड वारंवार कोरडं तापवून वाकू शकतं. जीव वरखाली होत असेल त्यांनी जुनी जाड कढई घ्यावी आणि घट्ट बसणारं झाकण.

सुरळीची वडी सोपी आहे. १ वाटी बेसन, १ वाटी ताक, २ वाट्या पाणी, सगळं मिक्सरमधून काढलं की गुठळीचा प्रश्न मिटला. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं हात न थांबवता ढवळायचं, चमचाभर उपड्या ताटाला फासून मिनिटभर थांबायचं, सुटून गुंडाळली गेली की गॅस बंद. मग दोन-तीन मिनिटांत सगळं पसरून व्हायला हवं, नाहीतर पातेल्यातच घट्ट गोळा होतो. यात अवघड ते काय, मला कळलं नाही. (ताटं आधी काढून ठेवा. तीन तरी लागतात.)

बसलेल्या केकचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, कारण पाहुणे काही परत जात नाहीत. साबणाची चव अगदी पुसट असेल तर करपलेला तळ सुरीने तासायचा, मधला कच्चा भाग काढून टाकायचा, उरलेला कुस्करायचा. अर्धा लिटर दुधात २ मोठे चमचे कस्टर्ड पावडर आणि ३ मोठे चमचे साखर घालून कस्टर्ड करून गार करायचं. काचेच्या पेल्यात एक थर केक, एक थर कस्टर्ड, वर आंबा किंवा डाळिंब. तासभर फ्रिजमध्ये. खड्डा कुणाला दिसत नाही. चव ठसठशीत साबणाची असेल तर मात्र कुणालाच देऊ नका.

आणि पुढचा केक पाहुण्यांच्या आदल्या दिवशी करा. काढल्यावर दहा मिनिटांनी डब्यातून जाळीवर उपडा घाला, नाहीतर स्वतःच्याच वाफेने बूड ओलं होतं. रव्याचा केक दुसऱ्या दिवशी मऊ आणि जास्त चवदार लागतो आणि बिघडलाच तर एक दिवस हाताशी असतो.

पुन्हा प्रतिक्रिया लिहिणार असाल तर आधी एवढं करा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी भरा आणि केकला घेतलेल्या त्याच वाटीने मोजा. पाच वाट्या भरल्या तर तुमची वाटी १०० मिलीची. तीन भरून थोडं उरलं तर १५०. दोनच भरल्या आणि घोटभर उरलं तर २४०. आकडा कळवा. तो कळल्याशिवाय तुमच्या केकबद्दल मी काहीच सांगू शकत नाही.