नीलगिरीखालचं गवत

आपल्याकडच्या वादात नीलगिरी म्हणजे पाणी ओढणारं आणि खाली काही उगवू न देणारं झाड. ऑस्ट्रेलियात कॅनबेराभोवती याच कुळातल्या यलो बॉक्स आणि ब्लेकलीज रेड गमच्या खाली गवतं नि रानफुलं दाटीने असतात, कारण ही झाडं विरळ वाढतात आणि मधे माळ राहतो. लागवडीतली नीलगिरी ओळीत, खेटून उभी असते. तुलना करताना हे अंतर कोणी धरतच नाही.

ही विरळ वनं 2006 पासून तिथल्या केंद्रीय कायद्याखाली अतिसंकटग्रस्त आहेत. गहू आणि मेंढ्यांपायी बहुतेक गेली. उरलेल्या तुकड्यांत झाडं दिसतात, पण माती बिघडलेली असते. सुपरफॉस्फेट खत आणि चराईमुळे नायट्रेट वाढलं की परदेशी हंगामी गवतं मूळच्या कांगारू गवताला दाबून टाकतात. तिथे आणखी रोपं लावून उपयोग नाही; आधी मातीचा माज उतरवावा लागतो.

प्रयोगांत त्यासाठी दर तीन महिन्यांनी चौरस मीटरला अर्धा किलो साखर टाकली. साखरेवर जिवाणू फोफावतात, नायट्रेट ओढून घेतात आणि तणं उपाशी राहतात. जोडीला वसंतात, तणांचं बी पिकण्याआधी, आग लावायची आणि कांगारू गवत पेरायचं. ते नीट रुजलं की नायट्रेट तेच कमी ठेवतं. पण हेक्टरी एका खेपेला 5 टन साखर लागते, कोल्हापूरकरालाही हा हिशेब झेपणार नाही. शिवाय साखरेने फॉस्फरस हटत नाही. म्हणून जिथे मूळचं काहीच उरलेलं नाही, तिथे वरची सुमारे 10 सेंमी माती खरवडून पेरणी करतात.

पडलेली लाकडं गोळा करून नेणं हीदेखील नासधूसच. कॅनबेराच्या मलिगन्स फ्लॅट अभयारण्यात 2,000 टन ओंडके मुद्दाम आणून टाकले, किडे आणि सरड्यांसाठी. झाडाला ढोली यायला मात्र शंभराहून जास्त वर्षं लागतात. त्याऐवजी पक्ष्यांसाठी टांगलेल्या पेट्या अनेकदा मधमाश्या किंवा साळुंक्या बळकावतात. होय, आपलीच साळुंकी, 1860 च्या दशकात मेलबर्नला आणलेली. जुनं झाड तोडून पेट्यांत भरपाई दाखवणारे विकासक म्हणूनच मला पटत नाहीत.

महाराष्ट्रात 2019 ला 33 कोटी झाडांचं लक्ष्य होतं. नीलगिरी नको म्हणणारे आणि झाडं लावा म्हणणारे, दोघंही झाडंच मोजतात. सोलापूर-पुण्याकडचा माळ कागदावर ‘पडीक’ ठरतो, पाणी अडवायला सलग समतल चर खणले जातात, पवन्या-कुसळी या गवतांची मुळं उखडतात, उकरलेल्या मातीवर गाजरगवत येतं आणि मधे गिरिपुष्पाचं झाड उभं राहतं. धाविक आणि चंडोल हे पक्षी जमिनीवर घरटी करतात; त्यांना ही सावली नको असते.

चर आखण्याआधी त्या माळावरच्या गवताच्या जाती मोजायला हव्यात, आणि त्याही सप्टेंबर-ऑक्टोबरात, गवत फुलोऱ्यात असताना. मे महिन्यात पाहणी केली तर कुठलाही माळ उजाडच दिसणार.