लिंबाच्या पानावरची रेघ "विषारी लाळ" नाहीये हो

कॉलनीच्या ग्रुपपासून राजवाड्याकडच्या नातेवाइकांपर्यंत अख्ख्या इंदूरात तोच फोटो फिरतोय, लिंबाचं पान, त्यावर नागमोडी चमकदार रेघ आणि खाली मेसेज की ही विषारी गोगलगायीची लाळ आहे, लिंबं खाऊ नका, रोग टमाट्याला तुळशीला लागेल, झाड लगेच उपटा. अहो थांबा जरा.

आधी लाळेचं बघू. लाळ पानाच्या वर सुकते, नखाने खरवडली की निघते, ही रेघ कितीही घासा जात नाही कारण ती पानाच्या पातळ सालीच्या आत आहे. पान उन्हासमोर धरा, मधोमध बारीक काळसर दोरा दिसेल, ती विष्ठा, आणि रेघ जिथे सगळ्यात रुंद तिथे नशीब असेल तर पिवळट-हिरवी चपटी अळीच सापडेल. नाही सापडली तर पानाची दुमडलेली कड उलगडा, कोष तिथेच करते. ही लिंबाची पानं पोखरणारी अळी, शास्त्रीय नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला, इंग्रज कीटकतज्ज्ञ स्टेन्टनने १८५६ मध्ये आपल्या कलकत्त्याच्याच नमुन्यावरून नोंदवलेली. मोठी झाली की इवलासा रुपेरी पतंग, पंख पसरले तरी ४-५ मिमी, टोकाला काळा ठिपका. दिव्याजवळ आला तरी आपण चिलट समजून झटकतो.

टमाट्यावरची रेघ? दिसते तशीच, पण ती बहुतेक माशीच्या अळीची असते, आपल्या या लिंबावरच्या अळीला लिंबू-संत्र्याचंच खानदान लागतं. युरोपात बर्च नावाच्या झाडाच्या पानातले असले बारके पतंग ओळखतात तेही असंच, झाड कोणतं, बोगदा कसा, विष्ठा कुठे पडलीय ते बघून.

लिंबं बिनधास्त खा, अळीचं काम पानात.

राहिलं झाड उपटायचं. मोठ्या झाडाला काही होत नाही, ती फक्त कोवळी पालवी पोखरते. गमल्यातलं लहान रोप मात्र खुंटतं, आणि त्या जखमांतून खैऱ्या नावाचा जिवाणूंचा रोग शिरतो, म्हणून दुर्लक्षही नको. पालवी फुटत असतानाच नीम तेल फवारा. जहाल औषध नको, अळीला संपवणाऱ्या बारक्या गांधीलमाश्या त्यात आधी मरतात. खराब दिसणारी पानं पण सारखी छाटू नका, छाटलं की नवी पालवी आणि तिच्यासाठी नवी पंगत. युरियाचंही तेच, हात आखडता ठेवा.