उणे एक

आपल्या डोक्यावर रुपयाचंही कर्ज नाही, हे मी आजवर छाती फुगवून सांगत आलो. वडिलांची शिस्तच तशी. आमच्या घराच्या नावानं वाण्याच्या वहीत कधी पान उघडलं गेलं नाही. परवा थोरलीच्या स्कूटरसाठी बँकेत कर्ज मागायला गेलो, तेव्हा हेच टेबलापलीकडच्या पोराला ऐटीत ऐकवलं. 'मला आयुष्यात कधी ताप आला नाही' म्हणणाऱ्या पेशंटकडे डॉक्टर बघतात, तसं तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मॉनिटर माझ्याकडे वळवला. कर्ज फेडण्याची पत मोजणारा सिबिल स्कोअर ३०० ते ९०० असतो म्हणे. माझ्या नावापुढं उणे एक.

"काका, तुमची हिस्ट्रीच नाही."

म्हणजे हप्ते बुडवून, फोन बंद करून हिंडणाऱ्याच्या पदरातसुद्धा निदान ३०० पडतात, आणि मी शून्याच्याही एक पायरी खाली! मेव्हण्याचे फ्रिज, मोबाइल आणि गाडी असे तीन हप्ते चालू आहेत. त्याचा स्कोअर ७८२. त्यातले निम्मे हप्ते तो माझ्याकडून उसने घेऊन भरतो, हे सिबिलला कोण सांगणार?

तोड त्या पोरानंच काढली. एफडीवर क्रेडिट कार्ड. २५,००० बँकेत ठेवले, त्यावर २०,००० चं लिमिट मिळालं. पैसे माझे, गहाण माझेच, आणि कर्जदारही मीच.

"मग तेच पैसे सरळ खर्च का नाही करत?" बायकोनं विचारलं. मी पेपर उघडला.

पहिल्याच महिन्यात कार्डावर १४,००० चं वॉशिंग मशीन घेतलं. पोर कळवळलं. "काका, लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहायचं असतं!" म्हणजे सहा हजार. पंगतीत 'लाजू नका, पोटभर जेवा' म्हणायचं आणि मागून वाढप्याला डोळ्यांनी खुणावायचं, त्यातला हा प्रकार.

बिल आलं. त्यावर ठळक अक्षरात 'किमान देय ७०० रुपये'. किती सज्जन माणसं, म्हणून मी सातशे भरायलाच निघालो होतो, तेवढ्यात लेकीनं मोबाइल हिसकावला. "बाबा, तेवढेच भरलेत तर बाकीच्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागेल! वर जीएसटी!" महिन्याला! आमच्या गावच्या सावकाराला लोक उगाच शिव्या घालायचे.

तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीच्या शेजारी बिलाची तारीख लाल पेनानं गोल केलेली असते. चंद्रोदय चुकला तर चालतो. दर महिन्याला दूध, किराणा आणि गॅस कार्डावर, आणि तारखेच्या चार दिवस आधी पै न पै चुकती.

आठ महिन्यांनी स्कोअर आला ७५१. स्कूटर दारात उभी राहिली. संध्याकाळी मेव्हणा पेढे घेऊन आला, स्वतःच्या पैशांनी घेतलेले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"दाजी, तुमची पत आता वाढलीय म्हणे," तो खुर्ची जवळ ओढत म्हणाला. "पतसंस्थेत छोटंसं कर्ज काढतोय. दोन जामीनदार लागतात. एक मिळालाय."