विटकरी फरशी आणि पिवळट हॉल: एका प्रतिक्रियेला उत्तर

राम राम भाऊ,

टेराकोटाच्या फरशीबरोबर कोणते रंग जातात, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. दोन ओळींत उत्तर देण्यासारखी ती नाही. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. भुसावळकडचं घर, पश्चिमेला मोठी खिडकी असलेला बारा बाय दहाचा हॉल, खाली हाताने घडवलेल्या विटकरी फरश्या, त्यावर चकचकीत सीलर (फरशीवर मारायचा संरक्षक थर). लेखात ऑफ-व्हाइट वाचून तुम्ही भिंती रंगवून घेतल्या आणि आता दिवेलागणीला सगळा हॉल कावीळ झाल्यासारखा दिसतो. दरवाजे बाटली हिरवे, दिवाण सागवानी, पडदे पोपटी, दिवे पिवळे. तुमचे आक्षेप दोन आहेत. हे रंग मासिकातल्या फोटोंचे आहेत, खान्देशातल्या उन्हात ते चालत नाहीत. आणि मुळात ही फरशीच इकडे चुकीची, कारण खार फुटतो, म्हणजे फरशीवर क्षारांची पांढरी भुकटी येते.

पहिल्या आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे. ऊन इथलं वेगळं आहे आणि रंग त्या उन्हातच ठरवायला हवा. पण तुमच्या भिंतीवर बसला आहे तो मोतिया. दुकानात नुसतं 'ऑफ-व्हाइट' मागितलं की बहुतेक वेळा पिवळी झाक असलेलाच पांढरा हातात पडतो, किंवा पेंटर पांढऱ्या डब्यात पिवळ्या स्टेनरचे (रंगात मिसळायच्या घट्ट रंगाचे) चार थेंब टाकून तो जागेवर तयार करतो. लेखात सांगितलेला पांढरा राखाडी झाकेचा होता. शेडकार्डावर हे दोन्ही शेजारी पाहिले तर फरक नखाएवढा वाटतो. विटकरी फरशीवर तोच फरक सगळी खोली बदलतो.

कारण फरशी स्वतः उजेड फेकते. टेराकोटाचा लाल रंग मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडचा. त्यावर पडलेल्या उजेडातला निळा भाग फरशी गिळते आणि तांबूस-पिवळा भाग परत वर पाठवते. तो आधी भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर चढतो आणि उरलेला छतावर जातो. हे बघायला काही लागत नाही. दुपारी चार वाजता ऊन खिडकीतून आत येऊन फरशीवर पडलं की एक कोरा पांढरा कागद स्कर्टिंगला (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीला) टेकवून उभा करा आणि दुसरा त्याच भिंतीवर डोक्याच्या उंचीला चिकटवा. खालचा कागद अबोली दिसेल, वरचा जवळपास पांढरा. कागद दोन्ही एकाच गठ्ठ्यातले. आता त्या खालच्या कागदाच्या जागी आधीच पिवळट असलेली भिंत ठेवा, वर पिवळे दिवे लावा. म्हणजे तुमचा हॉल.

म्हणून माझं ठाम म्हणणं असं की विटकरी फरशी असेल तर भिंतीच्या रंगात पिवळा अजिबात नको. ऊब फरशी भरपूर देते. भिंतीने तिला थंडावा द्यायचा. राखाडी झाकेचा पांढरा, किंचित हिरवट पांढरा, फिका पारवा, चुन्यात नीळ घातल्यावर येतो तो निळसर पांढरा, हे सगळे चालतात. मोतिया, श्रीखंडी, बदामी आणि फिकट केशरी टाळा. अगदी शुभ्र पांढरा मात्र भिंतीला देऊ नका. त्याच्या शेजारी फरशी आहे त्याहून गडद आणि लाल वाटते. छताला तोच शुभ्र पांढरा हवा, नाहीतर फरशीच्या परतीच्या उजेडाने छत गुलाबी दिसतं आणि आपल्याकडच्या दहा फुटी खोल्या बुटक्या वाटू लागतात.

शेजारच्या रंगामुळे रंग बदलून दिसतो ही गोष्ट जुनी आहे. फ्रान्समधल्या गोबेलँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्याच्या, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं करणाऱ्या कारखान्याच्या रंगशाळेचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल, यांच्याकडे काळ्या सुताची तक्रार आली होती, की निळ्या-जांभळ्याशेजारी ते सूत फिकं पडतं. त्यांनी तपासलं तर रंगात काही खोट नव्हती. शेजारचा रंग डोळ्याला फसवत होता. यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली आला. तुमच्या पेंटरच्या डब्यातही खोट असेलच असं नाही.

आता दुरुस्ती. सुरुवात रंगापासून करू नका, दिव्यांपासून करा. ते स्वस्त पडतं आणि निम्मा प्रश्न त्यातच सुटण्यासारखा आहे. एलईडीच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो; उजेड पिवळट की निळसर ते त्यावरून कळतं. २७०० म्हणजे तुमचे आत्ताचे पिवळे दिवे; त्यात विटकरी रंग भडक केशरी होतो. ६५०० म्हणजे आपल्याकडे घरोघरी असलेली पांढरी ट्यूब. तिच्यात हीच फरशी मेलेल्या तपकिरी रंगाची दिसते. ४००० चे घ्या. त्याच खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असतो; तो ९० किंवा वर पाहा. ८० च्या दिव्यात लाल रंग नीट उमटत नाही आणि फरशी मळकी वाटते. खान्देशात या दिव्यांना महत्त्व जास्त, कारण चैत्रापासून जून उजाडेपर्यंत दुपारभर खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि एका खिडकीत कूलर. वर्षातले तीन महिने तुमचा हॉल दिवसासुद्धा दिव्यावरच दिसतो. मासिकातल्या फोटोत हे नसतं, तिथे तुमचं बोलणं रास्त आहे.

दिवे बदलून आठवडाभर बघा. तरी पिवळेपणा खटकला तर रंग. आधीचा इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) सुटत किंवा पावडर धरत नसेल तर खरवडायचं कारण नाही. १८० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा, धूळ ओल्या फडक्याने पुसा, भिंत वाळू द्या आणि रंगाचे दोन हात मारा. तुमच्या हॉलच्या चार भिंती दहा फूट उंचीने ४४० चौरस फूट होतात. दार-खिडक्यांचे पन्नास वजा केले तर ३९० उरतात. चांगला इमल्शन दोन हातांना लिटरमागे सुमारे १२० चौरस फूट जातो, म्हणजे सव्वातीन लिटर. चार लिटर घ्या, उरलेला डाग झाकायला कामी येतो. रंग मशीनवरच मिसळून घ्या आणि शेडचा कोड झाकणावर लिहून ठेवा. जागेवर स्टेनर टाकून केलेला रंग दुसऱ्यांदा तसाच येत नाही.

निवडताना शेडकार्डाच्या चौकोनावर विसंबू नका. छोटा डबा आणा, जाड ड्रॉइंग शीटवर दोन हात मारून पूर्ण वाळवा आणि ती शीट स्कर्टिंगला लागून उभी धरा. आडवी ठेवलेली शीट फसवते. सकाळी आठला, दुपारी चारला आणि रात्री दिव्यात बघा. शीटच्या कडेला कोरा कागद धरला की लपलेली झाक उघडी पडते: पिवळी, गुलाबी, हिरवी, जी असेल ती. पिवळी किंवा गुलाबी दिसली तर तो रंग सोडा. पश्चिमेच्या खोलीत चारची वेळ निकालाची. तुमची खिडकी पूर्वेला असती तर मी सकाळच्या उजेडावर भर दिला असता.

उतरत्या उन्हाचा त्रास भिंतीच्या खालच्या भागाला, आणि पोछ्याच्या पाण्याचे डागही तिथेच. त्यामुळे जुन्या घरांतला पट्टा मला फार शहाणपणाचा वाटतो. चुन्याची भिंत आणि खाली गेरूचा पट्टा असायचा. गेरूतही लोहाचाच ऑक्साइड, म्हणून फरशीशी त्याचं जमतंच. पण खाली विटकरी, त्यावर गेरू असं केलं तर छोट्या हॉलमध्ये लाल फार होतो. तुमच्याकडे तीन फुटांचा गडद पारवा पट्टा घ्या. तो फरशीचा परतीचा उजेड खालीच अडवतो, वर पोचू देत नाही. साधारण १२० चौरस फूट, म्हणजे एक लिटर. हा भाग धुता येईल असा हलक्या चमकेचा घ्या, वरची भिंत मॅट. तिथे आधी ऑइलपेंट असेल तर घासून प्रायमर मारल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर पापुद्रे निघतात. चुना-निळीचाच रंग हवा असेल तर तो उघड्या गिलाव्यावर, भिंत ओली करून, तीन पातळ हातांनी. इमल्शनवर चुना धरत नाही.

हिरवे दरवाजे बदलू नका! विटकरीला बाटली हिरव्यासारखा जोडीदार नाही. हा हिरवा रंगचक्रात लालाच्या समोरचा आहे आणि खोल आहे, त्यामुळे दोघंही एकमेकांना उठाव देतात, कुणी कुणावर ओरडत नाही. ओरडतोय तो पोपटी. तो हिरवा पिवळ्याच्या अंगाचा, तजेला तीव्र, आणि ऊन त्यातून गाळून आत आलं की भिंतीवर पिवळट हिरवी छटा टाकतो. मोतिया भिंतीच्या पिवळेपणात तुमच्या पडद्यांचाही वाटा आहे. पश्चिमेच्या खिडकीला कोऱ्या पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर लावलेला पडदा हवा. पुढचं कापड शेवाळी, चिंतामणी किंवा निळीत रंगवलेलं. कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट घ्या, ताणलेल्या पडद्यातून ऊन सरळ येतं.

सागवानी दिवाणाचा प्रश्न वेगळा. सागाचा पिवळसर तपकिरी आणि फरशीचा विटकरी फारच जवळचे, म्हणून दिवाण फरशीत बुडतो. पॉलिश उतरवायची गरज नाही. दोघांच्या मध्ये निळी-पांढरी सतरंजी टाका, सहा बाय चारची तरी, म्हणजे दिवाणाच्या बाहेर फूटभर दिसेल. काळी घोंगडीही सुरेख दिसते. मरून किंवा केशरी गालिचा टाकला तर पुन्हा तेच होईल.

आता खार. तो खरा आहे, पण दोष फरशीला देणं मला पटत नाही. खालच्या सिमेंट-वाळूतले आणि पाण्यातले क्षार ओलाव्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी मागे राहते. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, त्यामुळे भुकटी जास्त. कूलर गळत असेल त्या जागी पांढरं कडं उमटतं, तेही त्याच पाण्याचं. बसवलेली फरशी पुरती वाळायच्या आत सीलर मारला की ओल आत कोंडते आणि सीलरखाली धुरकट पांढरा थर येतो. तो बाहेरून पुसला जात नाही. सीलर उतरवावाच लागतो. म्हणून फरशी बसवल्यावर सीलर मारण्याआधी महिनाभर तरी थांबा. मग दोन फूट चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने फरशीवर चिकटवून एक दिवस ठेवा. काढल्यावर आत दव किंवा फरशीवर गडद डाग दिसला तर अजून ओल आहे. आलेला खार कोरड्या ब्रशने झाडा, भरपूर पाणी ओतून धुऊ नका. त्या पाण्याने क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि परत येतात. अ‍ॅसिड तर नकोच, सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं.

रंगाशी याचा थेट संबंध आहे, कारण सीलर फरशीचा रंग बदलतो. चकचकीत सीलरने ती कायम ओली असल्यासारखी गडद आणि लाल दिसते, वर खिडकीची चमक डोळ्यात येते. आत मुरणारा मॅट सीलर मातीचा मूळ रंग बराचसा राखतो. जवसाचं तेलही चालतं, पण ते गडद करतं आणि वर्षागणिक थोडं पिवळं पडतं. शिवाय तेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप पेटू शकतात, ते पाण्यात बुडवूनच टाका. तुमचा चकचकीत थर पुढेमागे उतरवणार असाल तर तो आधी उतरवा, मॅट मारा आणि त्यानंतरच भिंतीची शीट धरा. उलट्या क्रमाने केलं तर भिंतीचा रंग जुन्या फरशीला जुळवलेला राहील.

आणि हे काम मे महिन्यात काढू नका. त्या उन्हात इमल्शन ब्रश फिरता-फिरता सुकतो आणि जोडाच्या रेघा राहतात. पावसाळा सरून भिंती वाळल्या की, दिवाळीच्या आधी, सकाळच्या वेळात घ्या. तोपर्यंत दिवे आणि पडदे बदलून दुपारी चारचा एक आणि रात्रीचा एक फोटो टाका, शीट स्कर्टिंगला उभी धरून. सीलरच्या डब्यावर काय लिहिलंय तेही कळवा, म्हणजे तो कशाने उतरेल ते नेमकं सांगता येईल.