पंचावन्न कोटी आणि १० जानेवारी

३० जानेवारी जवळ आली की तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो. ‘पाकिस्तान काश्मीरवर चालून आलेला असताना गांधींनी त्याला ५५ कोटी रुपये दान द्यायला लावले. सरकार ऐकेना म्हणून उपोषणाला बसले. ते सहन न होऊन नथुरामने गांधींचा वध केला.’ तीनच वाक्यं, पाठ व्हायला सोपी. गांधींवर टीका करायला कुणाची ना नाही, मलाही त्यांच्या बऱ्याच गोष्टी पटत नाहीत. पण ही तीन वाक्यं कागदांसमोर टिकत नाहीत.

आधी ‘दान’. फाळणी म्हणजे वाटण्या. वाटण्यांनंतर धाकट्याचा हिस्सा थोरल्याकडे राहिला आणि त्याने तो चुकता केला, तर त्याला आपल्याकडे कुणी दान म्हणत नाही. अविभाजित हिंदुस्थानच्या तिजोरीत सुमारे ४०० कोटींची रोकड होती. त्यातले ७५ कोटी पाकिस्तानच्या वाट्याला आले. २० कोटी ऑगस्ट १९४७ मध्येच देऊन झाले, राहिले ५५. हा हिशोब गांधींनी मांडलेला नाही. डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही सरकारांत तो ठरला आणि भारताच्या बाजूने त्यात सरदार पटेल होते.

पटेलांचा आक्षेप होता तो वेळेला. काश्मीरचा निकाल लागेपर्यंत रक्कम थांबवा, नाहीतर तिच्यातून घेतलेल्या गोळ्या आपल्याच जवानांवर झाडल्या जातील, असं त्यांचं म्हणणं. यात वेडगळ काही नव्हतं आणि नेहरूंचं मंत्रिमंडळ त्यांच्या पाठीशी होतं. आणखी एक सांगतो, जे त्या मजकुरातही नसतं: फाळणीपूर्व कर्जातला वाटा पाकिस्तानने भारताला फेडायचा होता. ते ३०० कोटी आपल्या अर्थसंकल्पाच्या कागदांत वर्षानुवर्षं नुसतं येणं म्हणून दिसत राहिले. तेव्हा राग यायला जागा आहे. मात्र दिलं ते देणं होतं.

आता उपोषण. १२ जानेवारी १९४८ हा सोमवार, म्हणजे गांधींचा मौनवार. उपोषणाचं निवेदन त्यांनी लिहून दिलं आणि ते प्रार्थनासभेत वाचलं गेलं. त्यात ५५ कोटींचा उल्लेख नाही. विषय होता दिल्लीतल्या दंगलींचा. १३ तारखेला उपोषण सुरू झालं. १५ला सरकारने रक्कम सोडत असल्याचं जाहीर केलं. उपोषण त्या पैशांसाठीच असतं तर तेव्हाच सुटायला हवं होतं. सुटलं १८ला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस पुढचे तीन दिवस कशासाठी उपाशी राहिला, याचं उत्तर त्या मजकुरात सापडत नाही.

ते सापडतं उपोषण सोडताना दिल्लीच्या प्रतिनिधींनी दिलेल्या लेखी हमीत. मेहरौलीला ख्वाजा कुतुबुद्दीन यांच्या दर्ग्याचा उरूस नेहमीसारखा भरेल. बळकावलेल्या मशिदी परत दिल्या जातील. सब्जी मंडी, करोल बाग, पहाडगंज या भागांत मुसलमानांना निर्धास्त फिरता येईल. पळून गेलेले परत येऊ पाहत असतील तर त्यांना अडवणार नाही. आर्थिक बहिष्कार टाकणार नाही. या हमीत दिल्लीतल्या हिंदुत्ववादी संघटनांचे प्रतिनिधीही सामील होते. पैशाचा शब्द नाही.

मग गांधींना ती रक्कम द्यावी असं वाटत नव्हतं का? वाटत होतं. अडवून धरणं नामुष्कीचं आहे, असं माउंटबॅटननी त्यांना सांगितलं होतं आणि त्यांना ते पटलं होतं. सरकारच्या निवेदनातच हा निर्णय गांधींच्या प्रयत्नाला हातभार म्हणून घेतल्याचं म्हटलं आहे. गांधींनी त्याचं मनापासून स्वागत केलं. उपोषणाचं दडपण सरकारवर आलं, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि गांधींची बाजू घेणारे काही जण ते नाकारतात तेव्हा ते उगाच तोंडघशी पडतात. पण उपोषणामुळे पैसे सुटले आणि पैशांसाठी उपोषण केलं, ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

राहिला ‘वध’. मराठीत वध कंसाचा होतो, अफजलखानाचा होतो. प्रार्थनेला निघालेल्या नि:शस्त्र म्हाताऱ्याला तीन गोळ्या घालणं याला साधा शब्द खून. असो. मुख्य मुद्दा कारणाचा.

२५ जून १९३४ ला पुण्यात नगरपालिकेच्या मानपत्र समारंभाला जाताना गांधींच्या ताफ्यातल्या मोटारीवर बॉम्ब पडला. तेव्हा ते अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर होते. बॉम्ब टाकणारे सापडले नाहीत, त्यामुळे मी कुणाचं नाव घेत नाही. पण तेव्हा ५५ कोटी कुठे होते? पाचगणीला १९४४ मध्ये नथुराम सुरा घेऊन गांधींवर धावला असं म्हणतात, तो प्रसंग मुद्दाम सोडून देतो, कारण तिथे नेमकं काय घडलं यावर साक्षीदारांचं एकमत नाही.

गरजही नाही, कारण खटल्याच्या कागदांतल्या तारखा पुरेशा आहेत. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे पुण्यात शस्त्रं विकायचा. त्याची साक्ष अशी, की १० जानेवारीला नथुरामचा साथीदार नारायण आपटेने त्याला ‘हिंदुराष्ट्र’ या त्यांच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत नेलं आणि गनकॉटन या स्फोटकाच्या लाद्या, हातबॉम्ब आणि रिव्हॉल्व्हर मागितली. १० जानेवारी, म्हणजे उपोषण जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी. आरोपींनी ही साक्ष खोटी म्हटली, खटल्याचे विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी ती ग्राह्य धरली. बडगेला बाजूला ठेवायचं असेल तर ठेवा. नथुरामच्या विम्याचे कागद उरतात. दोन हजारांच्या पॉलिसीवर त्याने १३ जानेवारीला वारस म्हणून आपटेच्या पत्नीचं नाव लावलं, तीन हजारांच्या पॉलिसीवर १४ला धाकट्या भावाच्या पत्नीचं. त्याच दिवशी तो आपटेबरोबर मुंबईच्या गाडीत बसला.

१५ तारखेला सरकारने ५५ कोटी सोडल्याचं जाहीर केलं, तेव्हा बडगेचा माल दादरला पोहोचलेला होता.