खोकून हार्ट अटॅक थांबत नाही

अँजिओप्लास्टी झालेल्या माझ्या काकांनी व्हॉट्सॲपवरच्या एका मेसेजची प्रिंट काढून फ्रिजला चिकटवली आहे. मथळा, ‘एकटे असताना हार्ट अटॅक आला तर?’ खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘किमान दहा जणांना पाठवा’. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवते हे काकांना चांगलं ठाऊक आहे. तरी मलाच ऐकवलं, “अगं, अमेरिकेतल्या हॉस्पिटलचं नाव आहे त्यात.”

मेसेज म्हणतो: अटॅक आल्यापासून शुद्ध हरपायला जेमतेम 10 सेकंद असतात. तेवढ्यात दीर्घ श्वास घेऊन जोरात खोका, दर दोन सेकंदांनी, मदत येईपर्यंत. श्वासामुळे ऑक्सिजन मिळतो, खोकल्यामुळे हृदय दाबलं जाऊन रक्त फिरत राहतं आणि ठोके ताळ्यावर येतात. शेवटी दोन शेपट्या: जेवणावर गार पाणी प्यायलात तर तेल गोठून अटॅक येतो, आणि छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो.

आधी त्या हॉस्पिटलचं. नाव रॉचेस्टर जनरल हॉस्पिटलचं आहे. हा मजकूर 1999पासून इंग्रजी ईमेलमधून फिरतोय आणि तो आमचा नाही, असं त्या रुग्णालयाने केव्हाच सांगून टाकलंय. अमेरिकन हार्ट असोसिएशनही या उपायाची शिफारस करत नाही. पण मेसेजला इतक्या वर्षांत मराठी येऊ लागलं, खुलाशाला काही आलं नाही.

आता 10 सेकंद. सगळा घोटाळा इथे आहे, कारण मेसेज लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टी एक करून टाकल्यात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी कोरोनरी धमनी गुठळीने तुंबते. हृदय बहुतेक वेळा धडधडतच असतं. माणूस शुद्धीवर असतो, घामाने डबडबतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं म्हणतो, ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा खातो आणि तासन् तास घरात बसून राहतो. कार्डियाक अरेस्टमध्ये मात्र हृदयाची विजेची लय बिघडते, खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे ढकललंच जात नाही. शुद्ध काही सेकंदांत जाते ती तेव्हा. शेतातल्या भाषेत सांगायचं तर अटॅक म्हणजे मोटर चालू आहे पण एका वाफ्याचा पाइप तुंबलाय. अरेस्ट म्हणजे मोटरच बसली. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, म्हणून तर घाई करायची. पण दोन्ही एक नाहीत, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेत कुणी तसं लिहिलं तर मी गुण देत नाही.

मग खोकून काय होणार? खोकताना छातीच्या पिंजऱ्यातला दाब वाढतो, हे बरोबर. पण गुठळी त्या दाबाने विरघळत नाही आणि पुढेही सरकत नाही. विद्यार्थी नेहमी विचारतात, हृदयात एवढं रक्त भरलेलं असताना त्याचाच स्नायू उपाशी कसा मरतो? कारण आतला अगदी पातळ थर सोडला तर कप्प्यातलं रक्त स्नायूला घेताच येत नाही. त्याचं रक्त महाधमनीच्या तोंडाशी, झडपेच्या लगेच वर फुटणाऱ्या कोरोनरी धमन्यांतूनच येतं, आणि डाव्या बाजूला ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत भरतं. धमनी बंद असेल तर बाहेरून कितीही दाबा, तिच्या पलीकडचा स्नायू कोरडाच.

यात अर्धसत्य आहे, तेही नाइलाजाने सांगते, कारण कुणीतरी ते माझ्या तोंडावर फेकणारच. 1976 साली क्रायली आणि सहकाऱ्यांनी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निरीक्षण छापलं होतं: कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत नळी घालून तपासणी करतात त्या खोलीत, हृदयाचे कप्पे थरथरू लागलेले तीन रुग्ण दर एक ते तीन सेकंदांनी खोकून 24 ते 39 सेकंद शुद्धीवर राहिले. खरं आहे. पण ती जागा पाहा. रुग्ण टेबलावर, ईसीजी पडद्यावर, डॉक्टरला लय बिघडताना त्याच क्षणी दिसते, तो ‘खोका’ म्हणतो आणि शॉक देण्याचं यंत्र हाताशी असतं. खोकला त्या यंत्रापर्यंतचे काही सेकंद काढून देतो, बरं करत नाही. घरात एकट्या बसलेल्या माणसाला आपली लय कधी बिघडली ते कळणार कसं? ते कळण्याआधीच तो खाली पडलेला असेल. आणि लय ठीक असताना तो खोकत बसला, तर नुसता दमेल, कदाचित घेरी येईल, आणि फोन करायची वेळ जाईल. मूळ इंग्रजी मजकुरात तर माणूस गाडी चालवतोय. अटॅक आलेला माणूस स्टिअरिंगवर खोकतोय!

दीर्घ श्वासाचं थोडक्यात. बहुतेक अटॅकमध्ये फुफ्फुसं आपलं काम करत असतात, रक्तात ऑक्सिजन असतोच. तो तुंबलेल्या जागेपलीकडे पोचत नाही, एवढंच.

गार पाण्याला फार शाई नको. पोटात गेलेलं पाणी काही मिनिटांत शरीराच्या तापमानाला येतं. तेल-तूप पचतं लहान आतड्यात, पित्त आणि स्वादुपिंडाच्या रसाने. तिथून ते लसिकावाहिन्यांतून, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या बारीक नळ्यांतून, फिरून मानेच्या बुडाशी शिरेत उतरतं. जठरातून कोरोनरी धमनीत जाणारी वाट नाही.

छातीत न दुखता अटॅक येतो, हे मात्र मान्य. जबडा, डावा हात, पाठ, नुसता दम किंवा मळमळ. मधुमेहात आणि बायकांमध्ये असं जास्त दिसतं. हृदयाच्या आणि हाताच्या वेदना मज्जारज्जूत जवळजवळच्या पातळीवर पोचतात, म्हणून मेंदूची गल्लत होते. मेसेजमधलं हे एकच वाक्य ठेवण्यासारखं, आणि तेच सगळ्यात खाली, बारीक अक्षरात.

एकट्याने करायचं ते असं: 108ला फोन, दाराची कडी काढून ठेवायची, बसून राहायचं, गाडी काढायची नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर साधी 300 मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून खायची. काकांसारख्यांनी आपल्या डॉक्टरला हे आत्ताच विचारून ठेवायचं. आणि कुणी शेजारी बेशुद्ध पडलं, श्वास नीट चालत नसेल, तर दाब खोकल्याने नाही, हातांनी द्यायचा: छातीच्या मधोमध, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, ॲम्ब्युलन्सवाले येऊन हात लावेपर्यंत.