आधी फंडिंग बघा, कामाचं नंतर पाहू

आधी काम करायचं आणि मग त्या कामासाठी पैसे शोधायचे, असला उफराटा उद्योग करणाऱ्या संस्था ठाण्यात अजून आहेत. लोकमान्यनगरच्या पाड्यात संध्याकाळी दोन तास मुलांचे वर्ग घेतात, वहीत हजेरी मांडतात, खडू-पेन्सिलींसाठी आपापसात शंभर-शंभर रुपये काढतात आणि दहा वर्षांनी कुरकुरतात की आम्हाला कुणी विचारत नाही. कोण विचारणार? त्यांच्याकडे साधा लोगो नाही. अध्यक्षांच्या नावामागे ‘समाजभूषण’ नाही. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. संस्था काढायचं मनात आलंच असेल, तर पहिला प्रश्न ‘काय करायचं’ हा नाही, ‘सध्या कशाला पैसे मिळतात’ हा आहे. पाण्याला मिळत असतील तर तुम्ही जलमित्र. कौशल्यविकासाला मिळत असतील तर तळमजल्याच्या खोलीत दोन शिलाई मशीनं मांडा. पुढच्या वर्षी वारा पर्यावरणाकडे फिरला, की त्याच मशीनवर कापडी पिशव्या शिवा.

नोंदणीला सात माणसं लागतात. तुम्ही, सौ., मेहुणा, मेहुण्याचा भागीदार, सोसायटीचे माजी सेक्रेटरी आणि आपण कार्यकारिणीत आहोत हे ज्यांना कधीच कळणार नाही असे दोघे. १८६० चा सोसायटी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीखाली नाव लागलं की तुम्ही धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरात गेलात. तिथे पुन्हा फिरकायचं कारण नाही. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, असं कायदा म्हणतो. म्हणू द्या. खजिनदार वारले, सचिव मुलाकडे पुण्याला गेले, तरी शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीच्या, उताऱ्यावर ते दोघे सुखाने नांदत राहोत. पुढे एखादी कंपनी पैसे द्यायला तयार झाली आणि तिने उतारा मागितला, तर कैलासवासी खजिनदारांची सही कुठून आणायची, हा प्रश्न त्या वेळी सोडवता येईल. कंपन्या फार समजूतदार असतात, वाट बघतात.

हेच धोरण आयकराच्या कागदांना लावा. १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) एकदा मिळालं की कायमचं, ही जुन्या लोकांची समजूत तुम्हीही जपा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्यांना नव्याने नोंदणी करावी लागली, नव्या संस्थेला आधी तीन वर्षांपुरती तात्पुरती मिळते आणि ती पक्की करायला वेगळा अर्ज करावा लागतो, असल्या गोष्टी सीएंना माहीत असतात. आणि तुमचे सीए हे तुमचे वर्गमित्र असल्यामुळे फुकट काम करतात, म्हणजे सवडीने करतात. मिळालेल्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत भरायचं, नाहीतर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क, हा नियम तेवढा लक्षात ठेवा. दंड भरल्याचा आकडा वार्षिक सभेत सांगितला की संस्थेचा कारभार मोठा आहे असं सभासदांना वाटतं.

आता प्रत्यक्ष शोध. तो व्हॉट्सॲपवर करायचा असतो. सामाजिक संस्थांच्या एखाद्या ग्रुपवर तुम्हाला कुणीतरी घेईलच, आणि तिथे महिन्यातून एकदा तो संदेश येईल: तीन वर्षं जुनी संस्था, कागदपत्रं पूर्ण, एक कोटीपासून पुढे, परतफेड नाही, लवकर संपर्क करा. लवकर करा. समोरचे गृहस्थ वाशी स्टेशनजवळच्या उपाहारगृहात भेटतील, कारण त्यांच्या ऑफिसचं नेहमी रंगकाम चाललेलं असतं. ते फाइल चार्ज मागतील. ज्याला कोटी रुपये वाटायचेत त्याला तुमचे काही हजार कशाला लागतात, असला कोता प्रश्न विचारू नका, ओशाळतात बिचारे. दुसऱ्या प्रकारचे गृहस्थ जास्त प्रामाणिक: चेक पूर्ण रकमेचा घ्या, सत्तर टक्के रोखीने परत करा, तीस तुमचे. त्यांच्या भाषेत ही ॲडजस्टमेंट. यातून तुरुंगाचीही सोय होऊ शकते असं खजिनदारीणबाई म्हणाल्या, तर त्यांना बदला. बदल अर्ज द्यायचा नाही हे आपलं आधीच ठरलंय.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सक्तीच्या समाजसेवेचं, मात्र मनावर घ्या, कारण पैसा तिथे आहे. कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी अट आधीच्या वर्षात लागू झाली, तर तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यावरची प्रत्येक पाटी तुमचीच. मोटरसायकल काढा, रबाळ्यापासून महाप्यामार्गे तुर्भ्यापर्यंत जा आणि दिसेल त्या गेटवर प्रपोजल द्या. ती कंपनी या अटींत बसते का, नफ्यात आहे का, सीएसआर बघणारी बाई तिथे बसते की गुरुग्रामला, हे विचारायचं नाही. वॉचमनकडून पोच घ्या. वॉचमनच्या सहीची पोच हा संस्थेचा पहिला ऐवज, लॅमिनेट करून ठेवा.

या सगळ्यात सर्वांत घातक सवय म्हणजे वाचन. कंपन्यांना सीएसआरचा तपशील वार्षिक अहवालात द्यावा लागतो. कोणता प्रकल्प, कोणत्या जिल्ह्यात, किती रुपये, कोणत्या संस्थेमार्फत, हे सगळं २०२२ पर्यंतच्या अहवालांत तक्त्यात छापलेलं असायचं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनीवार, राज्यवार आकडे कुणालाही फुकट बघता येतात. तिकडे चुकूनही जाऊ नका. तासभर वाचलंत तर कळेल की ही कंपनी ओळीने तीन वर्षं फक्त रायगड जिल्ह्यात पाण्यावर खर्च करतेय, आणि तिला कथ्थक शिबिराचं प्रपोजल पाठवायचा तुमचा उत्साहच मावळेल. त्याहून वाईट म्हणजे पैसे मिळालेल्या संस्थेचं नाव कळेल, आणि तिला फोन करून ‘तुम्हाला कसं जमलं’ असं विचारायचा मोह होईल. आपल्याकडे एका संस्थेने दुसरीला फोन करणं म्हणजे पराभव. त्यांना सेटिंगने मिळालं, असं म्हणून मोकळं व्हावं. झोप चांगली लागते.

कायद्याला जोडलेली सातवी अनुसूचीही वाचू नका. भूक, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, वारसा, खेळ, झोपडपट्टी विकास अशी लांबलचक यादी आहे, आणि तुमचं खरं काम तिच्यात कुठेतरी बसतं असं निघालं तर पंचाईत. तुम्ही मॅरेथॉन भरवा. एकेका दिवसाच्या मॅरेथॉनला, पुरस्कार सोहळ्याला सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं कंपनी मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकातच म्हटलंय. म्हणूनच घोडबंदर रोडच्या मॅरेथॉनसाठी सीएसआरच मागायचा. नकार आला की समाजाला आरोग्याची कदर नाही, यावर भाषण करता येतं.

प्रपोजल इंग्रजीतच हवं. तुमच्या वर्गातल्या ताई मराठीत उत्तम सांगतील की तिसरीतल्या मुलांना हातच्याची वजाबाकी का येत नाही आणि त्यांनी त्यावर काय केलं. ते ऐकून कुणी पैसे दिले तर उगाच त्या ताईंचं महत्त्व वाढेल. त्यापेक्षा दुसऱ्या संस्थेचं जुनं प्रपोजल मिळवा आणि नाव बदला. सगळीकडे बदलू नका, एखाद्या पानावर ‘मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी’ राहू द्या. कळव्याच्या पाळणाघराच्या अर्जात ते भेटले की वाचणारा जागा होतो. ‘थिअरी ऑफ चेंज’ (कामातून बदल कसा घडेल याची मांडणी) हा शब्द दर पानावर एकदा हवा. लाभार्थी मोजायची पद्धत शिकून घ्या: चाळीस मुलं वर्गाला येतात, त्याच चाळिसांना खाऊ मिळतो आणि त्याच चाळिसांचे दात तपासले, म्हणजे लाभार्थी एकशेवीस. पालक धरले तर अप्रत्यक्षांसह लाभार्थी दोनशे. ही आकडेवारी मंडपवाल्याच्या बिलासारखी असते, खुर्च्या कुणी मोजत नाही.

पैसे मागताना पगार मागू नका. कायद्यातली प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे, राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चावर नाही, हे सरकारच्या खुलाशात लिहिलंय. तरी समोरचा अधिकारी ‘तुमचा ॲडमिन पाच टक्क्यांत बसवा’ म्हणाला की मान डोलवा. खुलाशाची प्रत पुढे सरकवलीत तर चहा येणार नाही. शिक्षिका दहा महिने दोन हजारांवर शिकवेल. कंपनीचा लोगो लावलेली भिंत मात्र पहिल्याच महिन्यात रंगली पाहिजे.

आमदार-खासदार निधीचंही असंच. त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी राहते, माणसाचा पगार निघत नाही. तेव्हा पेव्हर ब्लॉक मागा.

परदेशी पैशाचं तर विचारूच नका, म्हणजे विचाराच. अमेरिकेत या शोधाचं शास्त्र झालंय. तिथल्या खासगी फाउंडेशनना आयकराच्या ९९०-पीएफ नावाच्या विवरणात आपण कुणाला किती दिलं ते उघड करावं लागतं, आणि शोधणारे ते वाचतात. फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार या दोन संस्था २०१९ मध्ये एकत्र येऊन कॅन्डिड ही संस्था झाली, तिच्याकडे या सगळ्याचा प्रचंड साठा आहे. तुम्ही तिथे डॉलर भरून वर्गणीदार व्हा आणि ओहायोतल्या एका परगण्यापुरतं दान देणाऱ्या ट्रस्टला कोपरीतून पत्र लिहा. उत्तर आलंच तर पुढे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, उभा आहे: संस्था तीन वर्षं जुनी, त्या तीन वर्षांत कामावर किमान १५ लाख खर्च, आणि परदेशी पैसा उतरवायला खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना पैसा घेणं गुन्हा आहे. पण शिकागोच्या मावसभावाला ‘डायरेक्ट आपल्या खात्यात टाक’ म्हणायला काय जातं!

अधिक आधुनिक वाटायचं असेल तर सोशल स्टॉक एक्स्चेंजचं, म्हणजे सामाजिक संस्थांसाठीच्या शेअर बाजाराचं, नाव घ्या. तिथल्या रोख्यावर व्याज शून्य आणि मुद्दलही परत शून्य, म्हणजे ती सरळ देणगीच. पहिली संस्था डिसेंबर २०२३ मध्ये तिथे सूचिबद्ध झाली. तुमच्या ताळेबंदाकडे बघून ते काय म्हणतील ते सोडा, ‘आम्ही लिस्टिंगचा विचार करतोय’ हे वाक्य तलावपाळीवर फिरताना फार शोभतं.

काही मंडळी सांगतील की शेजारपाजारचे पन्नास जण दरमहा २०० रुपये देतील, वर्षाचे एक लाख वीस हजार होतील, ताईंचा पगार निघेल आणि कुणाचा लोगो लावावा लागणार नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं आहे, तेव्हा कुठे सीएसआर होता, असाही दाखला देतील. अशांना समितीतून दूर ठेवा. वर्गणी देणारा माणूस संध्याकाळी वर्ग बघायला येतो, हिशेब विचारतो, आणि दोन हजारांवरची रोख देणगी ८०जीला चालत नाही हे त्याला माहीत असतं. इतक्या जवळचा देणगीदार परवडत नाही.

एवढं करून, देवाच्या दयेने, २७-२८ मार्चला फोन येईल. कंपनीच्या हातात रक्कम उरलेली असते. न खर्चलेला पैसा ३१ मार्चनंतर वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत टाकावा लागतो, म्हणून त्यांना घाई. ‘तीन दिवसांत खर्च दाखवाल का?’ असं विचारतील. दाखवू म्हणा. टॅब घ्या. वस्तीत नेट नाही हे एप्रिलमध्ये बघता येईल. नंतर साहेबांची भेट ठरेल, तेव्हा मुलांना टी-शर्ट घाला, जिओ-टॅगवाले फोटो काढा आणि उपयोगिता प्रमाणपत्रासाठी वर्गमित्र सीएंच्या घरी जाऊन बसा.

निघताना साहेब एक प्रश्न हटकून विचारतात: आमचे पैसे थांबल्यावर हे काम कसं चालेल? घाबरू नका. नव्या नावाने दुसरी संस्था आजच नोंदवायला टाका. सीएसआर राबवायला तीन वर्षांचा अनुभव लागतो, तेव्हा ही बंद पडेपर्यंत ती वयात आलेली असेल. सात माणसं तीच चालतील, दोघांना अजून पहिल्या संस्थेचंही कळलेलं नाही.